दहावी टाचणी

त्या कारखान्यात प्रत्येक शिवणारीला दहा टाचण्या मिळत. सकाळी मोजून घ्यायच्या, संध्याकाळी पाचला मोजून दाखवायच्या, आणि दहा भरल्या तरच जिना उतरायचा. नऊ भरल्या तर त्या टेबलावरचा माल जागचा हलत नसे. बाहेरच्या माणसाला हा नुसता छळवाद वाटला असता. एवढ्याशा टाचणीसाठी एवढा थयथयाट! पण तिथे बनणारी पुस्तकं डोळ्यांनी बघायची नव्हती, बोटांनी बघायची होती. अंध मुलांची चित्रांची पुस्तकं होती ती. कापडाची पानं, त्यांवर शिवलेली झाडं, घरं, जनावरं आणि खाली ब्रेलचे ठिपके. असं पान चाचपणारं मूल आपला सगळा जीव बोटाच्या टोकावर आणून चाचपतं. त्या टोकाला तिथे टाचणी भेटली तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

टाचण्यांच्या मोजणीनंतरची शेवटची राखण म्हणजे मावशी. ती तिथल्या कोणाची सख्खी मावशी नव्हती, पण बारा बायकांची मावशी होती. तीन वर्षांची असताना तापात डोळे गेले. आता चौपन्न संपत आलं होतं, आणि त्यातली बावीस वर्षं तिने तपासणीच्या टेबलाशी काढली होती. प्रत्येक पुस्तक तिच्या हाताखालून जाई. पान डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली, मग शिवणीच्या कडेने. सगळं ठीक असलं की मागच्या पुठ्ठ्यावर ती आपला उठावाचा छोटा शिक्का दाबी. त्या शिक्क्यानंतर बांधण्यापुरतंच पुस्तकाला बोट लावायचं असा दंडक होता.

"आपले डोळे दोन, मावशीचे दहा," असं शिवणाऱ्या म्हणत. मावशीही काही कमी नव्हती. वाकडा टाका सापडला की विचारी, "हा कोणी घातला ग? जांभई देता देता घातलास ना?" आणि घालणारीने खरोखरच जांभई दिलेली असे. पाहुणे बघायला आले आणि तपासणीचं यंत्र कुठे आहे म्हणून विचारू लागले, की कारखान्याच्या मालकीणबाई मावशीकडे हात करून म्हणत, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मावशी तोंड वाकडं करी, पण ते वाक्य तिला दिवसभर पुरत असे. माणसाला गर्व करायला काहीतरी लागतं. तिच्याकडे तेवढंच होतं.

ते त्या वर्षी उन्हाळ्यात गेलं. एकदम नाही गेलं, चोरपावलांनी गेलं. आधी घरी वाचताना ओळीतले ठिपके एकमेकांत मिसळायला लागले. मावशीने कागदाला दोष दिला. मग कपाचा चटका लागेनासा झाला. तिने चहाला दोष दिला. एका सकाळी स्वयंपाकघरातून भावजय ओरडली, "वन्सं, काहीतरी करपतंय!" मावशी म्हणाली, "हो ग, मलाही वास येतोय." तेव्हा तिचंच बोट तव्याच्या कडेला टेकलेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की साखर बरीच वर्षं वाढलेली असणार, नसा मेल्यात. "गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते सांभाळा." राहिलेलं म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. परत येताना भावजय म्हणाली, "कारखान्यात सांगून टाका वन्सं. दुसरं काही काम देतील." मावशी म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची."  पण मूठ किती दिवस झाकणार, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

मावशीने एक युक्ती काढली. ओठ. खालच्या ओठाला अजून सगळं कळत होतं, बोटांना कधी कळलं नसेल इतकं बारीक कळत होतं. दुपारी सगळ्या डबे घेऊन गच्चीवर गेल्या की मावशी दार लोटून घेई, पुस्तक तोंडाशी धरी आणि पानावरून ओठ फिरवी. सकाळी हाताखालून गेलेला ढीग ती दुपारी ओठाखालून काढी आणि मगच शिक्का मारी. चौपन्न वर्षांची बाई बंद खोलीत कापडाच्या मेंढीचे मुके घेतल्यासारखी बसलेली. तिला स्वतःची लाज वाटे आणि हसूही येई. एकदा जिन्याकडून पावलं आली, दाराशी थबकली आणि आली तशी परत गेली. उजवी टाच घासत चालणारी त्या कारखान्यात एकच होती. ती म्हणजे धाकटी.

धाकटी वयाने सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. तिला मावशीनेच चिकटवलं होतं तिथे. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, घरी सासरा अंथरुणाला खिळलेला, पदरात एक मुलगी. मावशीने बाईंपाशी शब्द टाकला आणि टाका कसा घालायचा तेही डोळे मिटायला लावून शिकवलं. "डोळे उघडे ठेवून कोणीही शिवेल. मिटून शीव, म्हणजे पोराच्या बोटाला काय लागणार ते तुला कळेल." धाकटीचा हात बसला तो असा. त्या दुपारच्या पावलांबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. मावशीनेही नाही.

मग नाताळचं काम आलं. कोणा एका दात्याला गावोगावच्या अंधशाळांमधल्या मुलांना भेट द्यायची होती. तीनशे पुस्तकं, येशूच्या जन्माची गोष्ट, सहा पानांत. पहिल्या पानावर काचपेपरची खरखरीत वाट आणि तिच्यावर चालणारं गाढव. दुसऱ्या पानावर लाकडाच्या पातळ फळीचं दार. ते बिजागरीवर उघडे, आणि आत जाड पोत्याची भिंत. खाली ठिपके, 'इथे जागा नाही.' तिसऱ्या पानावर गोठा. सुतार, त्याची दमलेली बायको आणि खऱ्या वाळल्या गवतात निजलेलं मऊ कापडाचं बाळ. चौथ्यावर मेंढ्या, पाचव्यावर दुरून भेटी घेऊन आलेले तीन शहाणे. सहाव्या पानावर कोणीच नाही. नुसता एक कापडी खिसा, रिकामा. खाली ठिपके, 'तू बाळाला काय देशील?'

तो खिसा ही मावशीची सूचना. "गोष्टीत सगळे देतात आणि वाचणारा हात बांधून बसतो, असं कसं?" असं ती म्हणाली होती. बाईंना ते फार आवडलं होतं.

तिसरं पान सगळ्यांत किचकट. गवताच्या तीन जुड्या टाचण्यांनी पक्क्या धरायच्या, बारीक टाक्यांनी शिवायच्या आणि टाचण्या काढून घ्यायच्या. शेवटच्या दिवशी खाली गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खातोय, आणि पाचच्या मोजणीला धाकटीच्या टाचण्या खोचायच्या उशीत नऊच टाचण्या.

धाकटीने लपवलं नाही. थेट तपासणीच्या टेबलाशी आली. "मावशी, माझी एक कमी भरतेय. आजची बारा पुस्तकं आहेत. एकदा पुन्हा हात फिरवता?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "नाहीतर तिसऱ्या पानावरून नुसतं लोहचुंबक फिरवू का? पटकन होईल."

जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायला ते लोहचुंबक होतं, दोरी बांधलेलं. धाकटी कुठल्या भावनेने विचारत होती ते मावशीला बरोबर कळलं. तेच तिला झोंबलं. सगळ्या बायका उभ्या होत्या, बाई हातात यादी घेऊन उभ्या होत्या. मावशी हसून म्हणाली, "बावीस वर्षांनी आता लोहचुंबकाच्या हाताखाली काम करू का मी? आण इकडे."

तिने बाराच्या बारा पुस्तकं पुन्हा काढली. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. हात सवयीने फिरत होते, आणि हातांच्या टोकाला जाड हातमोजे घातल्यासारखं काही कळत नव्हतं. बारा बायकांसमोर ओठ कसा लावणार? सगळ्यांना बाहेर जायला सांगता आलं असतं. 'बाई, मला दहा मिनिटं एकटीला द्या' एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, "यात नाहीये. जमिनीवर पडली असेल कुठे." आणि एकामागून एक बारा शिक्के मारले. मावशीने सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. वहीत नोंद झाली, 'एक टाचणी जमिनीवर पडून हरवली.' हरवलेलीच्या बदल्यात नवी देत नसत, त्या दिवसापासून धाकटीची मोजणी नऊवरच थांबे. जमिनीवरून लोहचुंबक फिरलं, त्याला काही लागलं नाही. फटी काय कमी होत्या त्या जमिनीला? गाडी गेली.

पत्र आलं ते जानेवारीत, एका शनिवारी. त्याच्यासोबत पुस्तकही परत आलं. बाईंनी मावशीला आणि धाकटीला काचेच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि वाचायला लागल्या. पत्र शाळेच्या शिक्षिकेचं होतं. सात वर्षांची मुलगी. नाताळच्या दिवशी पुस्तक मिळालं, दोन दिवस कोणाला हातही लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी बोट सुजलेलं दिसलं. मुलीने आधी सांगितलंच नव्हतं, पुस्तक काढून घेतील म्हणून. बोटात पू झाला, हाडापर्यंत गेला. डॉक्टरांनी टोक चिरून साफ केलं. उजव्या हाताची तर्जनी. जखम भरेल, पण टोकाला पुन्हा काही कळेल असं नाही. 'ती नुकती ब्रेल शिकत होती. अर्धी मुळाक्षरं झाली होती,' असं शिक्षिकेने लिहिलं होतं. 'गवतात काहीतरी टोचलं म्हणते. ते कुठे आहे विचारलं तर सांगत नाही. बाळाला लागायला नको, एवढंच म्हणते.'

 मेलेलं बोट म्हणजे काय हे त्या खोलीत तिच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? पण तिचं बोट चौपन्नाव्या वर्षी मेलं होतं, हजारो पानं वाचून. या पोरीचं सातव्या वर्षी, अर्ध्या मुळाक्षरांवर.

"पुस्तक आम्ही झटकून पाहिलं," बाई म्हणाल्या. "गवत उचकून पाहिलं. आता त्यात काही नाही. मागे नंबर धाकटीच्या टेबलाचा आहे आणि तारीख शेवटच्या दिवसाची. त्या दिवशी एक टाचणी कमी होती, वहीत आहे." त्यांनी पत्राची घडी घातली. "मावशींनी बाराही पुस्तकं दोनदा तपासली. मावशींच्या हातून टाचणी सुटणं शक्य नाही, हे मला जेवढं माहीत आहे तेवढंच तुलाही. म्हणजे ती तुझ्या बाहीत नाहीतर ओढणीत अडकली होती आणि पुस्तकं बांधताना पडली. शिक्क्यानंतर. खरं की नाही?"

असा हिशेब लावला बाईंनी, आणि तो हिशेब कुठेही चुकत नव्हता. फक्त सुरुवातच चुकली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातली गत. आणि चोराचा साधूपणाच संन्याशाच्या विरुद्ध साक्ष देत होता.

मावशी वाट बघत राहिली. आता धाकटी सांगेल. लोहचुंबकाचं सांगेल, दुपारचं सांगेल. सांगायलाच हवं होतं तिने.

"माझ्याच हातून झालं असेल बाई," धाकटी म्हणाली.

मावशी मूग गिळून उभी राहिली. तोंड उघडायला किती वेळ लागतो? तेवढाही वेळ तिने घेतला नाही. सोमवारी शेवटचा दिवस, असं बाईंनी धाकटीला सांगितलं.  वाईट बाई नव्हती ती. पण एका मुलीचं बोट गेलं होतं आणि त्याला कोणीतरी जबाबदार असायला हवं होतं.

जिन्यात मावशीने धाकटीचा दंड धरला. "का नाही बोललीस?"

"काय बोलायचं होतं?"

"तुला माहितीये काय ते. दुपारी तू दारातून परत गेलीस."

धाकटीने दंड सोडवून घेतला. मग म्हणाली, "मी शिवण कुठेही करीन मावशी. चार ठिकाणी विचारीन, पाचव्या ठिकाणी मिळेल. तुम्ही कुठे जाल?"

आणि टाच घासत जिना उतरून गेली. मावशीला त्या क्षणी काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं.  मग सुटल्यासारखं वाटल्याची इतकी शरम वाटली की तिला कठडा धरून खाली बसावं लागलं. ती पुन्हा वर गेली आणि बाईंना म्हणाली, "ते पुस्तक दोन दिवस मला द्या. मला बघायचंय." बाईंना वाटलं, कामाची किती निष्ठा! लगेच दिलं.

रविवारी दुपारी भाऊ आणि भावजय कुठल्याशा लग्नाला गेले तेव्हा मावशी खिडकीशी पुस्तक घेऊन बसली. आता लपायचं कोणापासून? तिने पहिलं पान ओठाशी धरलं. गाढवाची वाट एका जागी गुळगुळीत झाली होती. पोरीने गाढवाला बरंच चालवलं असणार. दाराची बिजागरी सैल झाली होती. दार पुन्हा पुन्हा उघडून बघितलं असणार, की आता तरी आत जागा झाली का. गोठ्याच्या पानावर गवत विस्कटलेलं होतं, तो बाईंचा प्रताप. गवतावर एक कडक डाग होता. मावशीच्या ओठाला तो खरखरला, आणि जिभेला लोखंडासारखी चव आली. बाळ मात्र नीट होतं. त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत कोणीतरी लहान हातांनी दाबून सारखं केलेलं होतं.

चौथ्या पानावर मोठ्या मेंढीची पाठ भादरलेली होती. चिमूट चिमूट करून लोकर उपटलेली. 'खोडकर दिसतेय कार्टी,' मावशीने मनात म्हटलं.

पाचवं पान झालं. सहाव्या पानावरच्या खिशात तिने बोट घातलं. बोट म्हणालं, काही नाही. बोटावर विश्वास ठेवायचे दिवस गेले होते, म्हणून तिने खिशाचं तोंड फाकलं आणि ओठ आत नेला. अगदी तळाच्या कोपऱ्यात काहीतरी मऊ होतं. लोकर. लोकरीची घट्ट गुंडाळलेली गोळी, आणि गोळीच्या पोटात काहीतरी ताठ आणि गार. गोळी कोपऱ्याच्या शिवणीत घट्ट दाबून बसवलेली होती, म्हणून झटकून पडली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंनी गवताची काडी न काडी उचकली होती, पण खिशात हात घालायचं कोणाला सुचलं नव्हतं. डोळसांना तो खिसा रिकामा दिसला होता.

मावशीने ती गोळी दातांनी सोडवली आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. टाचणी गवतात होती. पोरीच्या बोटात गेली. तिने ती काढली, आणि फेकली नाही, कारण फेकलेली टाचणी दुसऱ्या कोणाला लागते. मेंढीची लोकर उपटून तिने टोकाला गुंडाळली. मग पुस्तकाने विचारलं, तू बाळाला काय देशील? तेव्हा तिच्याकडे देण्यासारखं जे होतं ते तिने दिलं. बाळाच्या गवतातली टाचणी. चौपन्न वर्षांच्या बाईने, बावीस वर्षांच्या अनुभवाने, बारा जणींसमोर जे केलं नाही ते सात वर्षांच्या पोरीने सुजलेल्या बोटाने केलं होतं.

मावशी रडली. अगदी हमसून हमसून रडली. घरात कोणी नव्हतं हे बरं झालं.

सोमवारी ती बाईंच्या खोलीत गेली आणि धाकटीलाही बोलावून घेतलं. टेबलावर पुस्तक ठेवलं, त्यावर लोकरीची गोळी ठेवली आणि खिशात ती कशी सापडली ते सांगितलं.  "केवढीशी पोर," बाई म्हणाल्या. "पण मावशी, यातून वेगळं काय निघतं? टाचणी गवतात पडली होती हे मी म्हणतेच आहे."

"पडली नव्हती. होतीच. शिक्का मारला तेव्हाही होती. माझ्या बोटांना कळलं नाही. उन्हाळ्यापासून माझ्या बोटांना काही कळत नाही बाई. दहाही मेलीत. धाकटीने लोहचुंबक फिरवू का म्हणून विचारलं होतं, मी तिला उडवून लावलं."

 मग बाई हळूच म्हणाल्या, "तुमचा जीव मोठा आहे मावशी. तिला तुम्ही आणलंत, तुमचा जीव तुटणारच. पण असं खोटं..."

"खोटं नाही."

"कालपर्यंत तुम्ही वाकडा टाका सांगत होता."

"वाकडा टाका मी ओठाने चाचपून सांगत होते."

बाईंनी सुस्कारा सोडला. त्या समजूत घालायच्या आवाजात बोलायला लागल्या, तसा आवाज मावशीला लहानपणापासून ओळखीचा होता. "आता मी तुमच्यासमोर ब्रेलचं पान ठेवीन, तुम्ही म्हणाल वाचता येत नाही. न येण्याचं नाटक कोणालाही करता येतं. मला यात पाडू नका मावशी. जा, कामाला लागा."

बावीस वर्षांची अब्रू अशी दाराला आडवी पडली होती. खरं बाहेर पडायला वाटच नव्हती. मावशीने मान हलवली. "बरं. त्या पत्रातलं शेवटचं तेवढं परत वाचून दाखवा. बाळाचं."

बाईंनी कागद उचलला. मावशीने लोकरीची गोळी ओठाशी नेली, दातांनी लोकर सोडवली आणि टाचणी डाव्या हाताच्या बोटांत धरली. तिला ती धरल्याचं कळत नव्हतं, म्हणून तिने टाचणीचा माथा टेबलावर टेकवून ती उभी केली आणि उजव्या हाताची तर्जनी वरून सावकाश खाली दाबली.

"'ते कुठे आहे विचारलं तर सांगत नाही,'" बाई वाचत होत्या. "'बाळाला लागायला नको, एवढंच...'"

"मावशी!" धाकटी किंचाळली. "बोट! बाई, बोट बघा त्यांचं!"

मावशीचा चेहरा पत्र ऐकणाऱ्या माणसाचा होता तसाच होता. पापणी लवली नव्हती, श्वास अडला नव्हता. टाचणी आत जात जात एका जागी थांबली. नखाला लागली असावी, कारण पुढे जाईना. "वाचा ना," मावशी म्हणाली. "थांबलात का?"

कागद खाली पडल्याचा आवाज आला. मग खुर्चीचा. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. हे नाटक कोणालाही करता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यापासून?"

"हो."

"म्हणजे ही तीनशे..."

"पहिली पहिली ओठाने पाहिली. शेवटच्या पंधरवड्यात वेळच मिळाला नाही. नुसते शिक्के मारले. कोणतं कोणतं ते आता मला सांगता येणार नाही. तीनशेच्या तीनशे परत मागवा."

"मुलांच्या हातातून नाताळची भेट काढून घ्यायची?"

"घ्यायची. आजच पत्रं टाका."

बाई खाली बसल्या. राग, दुःख, काय काय होतं त्यांच्या श्वासात. त्यांनी मावशीला शिव्या दिल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "धाकटी, तू तुझ्या टेबलावर जा. उद्याही ये." आणि मग, "मावशी, शिक्का इथे ठेवा."

मावशीने कमरेच्या पिशवीतून शिक्का काढून टेबलावर ठेवला. बावीस वर्षांत तो झिजून अर्धा झाला होता. तो ठेवताना टेबलावर लाकडाचा टक असा आवाज झाला, त्यावरून तिला कळलं की तो हातातून सुटला.

"एक काम करा," ती म्हणाली. "त्या शाळेत कळवा की तिला डाव्या हाताने शिकवा. लहान आहे, बसेल हात. आणि तिला म्हणावं, तू दिलेली टाचणी मिळाली. बाळाला लागली नाही."

 बाई लिहून घेत असाव्यात, पेनाचा आवाज येत होता.

धाकटी गेली नव्हती. तिने मावशीला हाताला धरून बाहेर आणलं, आपल्या टेबलाशी बसवलं आणि टाचणी उपसून काढली. मग ओढणीच्या टोकाने बोट दाबून धरलं. रक्त थांबेना. बाकीच्या बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं होतं. 

"दुखतंय का मावशी?" धाकटीने विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच कळलं आणि ती रडायला लागली.

"नाही ग," मावशी म्हणाली. "दुखलं असतं तर कोणाचंच काही गेलं नसतं."

पाच वाजले. रोजच्यासारखी मोजणी सुरू झाली, एकेक उशी पुढे येऊ लागली. मावशी तिथेच बसून ऐकत होती. धाकटीने ती टाचणी फडक्याला पुसली, आपल्या उशीत खोचली आणि मोठ्याने मोजायला लागली. दहा भरल्या.